जुन्या डॉस गेममधली चित्रं कशी उलगडायची

६४, १, २००, ०, ०, २५०, ०, ०, १, १७, २३८, २५५, ०, १५, १८, १५, ३६, १५, ५४, १५, ७२, १५, ९०, १५, ०, १०८, १५, १२६, १५, १४४, १५...

एका जुन्या डॉस गेमच्या सुरुवातीला जे चित्र दिसतं, त्याच्या फाइलचे हे पहिले काही बाइट. चित्रात रात्रीचं आभाळ आहे, उजव्या कोपऱ्यात चंद्र आहे आणि खाली किल्ल्याचं दार. लहानपणी हा गेम मी आणि दादा एकाच कीबोर्डवर खेळायचो. दिशांच्या कळा त्याच्याकडे, स्पेसबार माझ्याकडे. ते चित्र नुसतं स्क्रीनवर बघून माझं समाधान होत नव्हतं. फाइलच्या आतून, एकेक पिक्सेल जसा कुणीतरी काढून ठेवला होता तसाच तो बाहेर काढायचा होता. शेवटी जमलं. गेमचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पद्धत त्या काळातल्या शेकडो गेमना लागू पडते.

आधी लिहिण्याच्या पद्धतीबद्दल थोडं. हेक्स एडिटर (फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्राम) ते सोळाच्या पायावर दाखवतो, पण मी इथे सगळे आकडे आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत देते आहे. काम करतानाही मी असंच करते. पायथनमध्ये चार ओळींचा प्रोग्राम लिहून फाइलचे पहिले पाचशे बाइट दशमान आकड्यांत छापून घेते आणि पेन्सिल घेऊन बसते. हेक्समध्ये पाहिलं असतं तर वरच्या ओळीतला १८ चा पाढा माझ्या लक्षात आला असता की नाही, शंकाच आहे.

आधी उत्तर हातात घ्या

या कामात सुरुवातीलाच बहुतेकांचं एक चुकतं. माझंही चुकलं होतं. फाइल उघडायची आणि ‘हे कुठलं कॉम्प्रेशन (फाइल दाबून लहान करण्याची पद्धत) असेल’ असा विचार करत बसायचं. पण आपल्याकडे गेम आहे. गेम चालवला की चित्र स्क्रीनवर येतं, म्हणजे कोड्याचं उत्तर आधीच आपल्या हातात आहे. फाइल हा प्रश्न, स्क्रीन हे उत्तर, आणि शोधायची आहे ती फक्त मधली क्रिया. म्हणून सगळ्यात आधी उत्तराची अचूक प्रत करून ठेवा.

१९८७ साली आयबीएमच्या पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए हे स्क्रीनवर चित्र दाखवणारं हार्डवेअर आलं. त्याचा गेमवाल्यांचा सर्वात लाडका मोड म्हणजे ३२० गुणिले २०० पिक्सेल आणि २५६ रंग. या मोडमध्ये एक पिक्सेल म्हणजे बरोबर एक बाइट. अख्खा स्क्रीन ६४,००० बाइटांचा, आणि ते मेमरीत एका ठरलेल्या पत्त्यापासून ओळीने मांडलेले असतात. डॉसबॉक्स म्हणजे आजच्या संगणकावर डॉसचे गेम चालवणारा प्रोग्राम. त्याची डीबगर (चालता प्रोग्राम थांबवून आत बघायचं साधन) असलेली आवृत्ती घ्या, गेम चालवा, चित्र आलं की ऑल्ट आणि पॉझ दाबा. डीबगरच्या खिडकीत ‘मेमडम्पबिन’ ही आज्ञा (अर्थात इंग्रजी अक्षरांत), त्यापुढे पत्ता ए०००:० आणि लांबी एफए०० द्या. ही लांबी सोळाच्या पायावरची आहे, आपल्या भाषेत ६४,०००. झालं, उत्तराची फाइल, म्हणजे डंप, तयार.

ती फाइल लगेच उघडून बघा. माझ्या डंपमधल्या पहिल्या ओळीतले सगळेच्या सगळे ३२० बाइट १७ होते. वरचं आभाळ सपाट निळं आहे आणि त्या निळ्याचा क्रमांक १७, एवढं कळलं. पुढे याचा फार उपयोग होणार आहे.

तुमचा डंप विचित्र दिसला, म्हणजे चित्र आडवं दाबल्यासारखं किंवा चारांतला एकच पिक्सेल दिसतोय असं वाटलं, तर गेम बहुधा मोड एक्सच्या जातीचा मोड वापरतोय. तिथे पिक्सेल चार थरांत वाटलेले असतात. पिक्सेलच्या क्रमांकाला चारने भागून जी बाकी उरेल, त्या क्रमांकाच्या थरात तो पिक्सेल सापडतो. व्हीजीएच्या आधीच्या ईजीएच्या सोळा रंगी चित्रांतही चार थर असतात, पण तिथे प्रत्येक थरात पिक्सेलचा फक्त एक बिट असतो आणि ३२० गुणिले २०० साठी एक थर ८,००० बाइटांचा होतो. अशा वेळी डंपऐवजी डॉसबॉक्सचा स्क्रीनशॉट घेऊन त्याच्याशी ताडून बघणं सोपं जातं.

पहिले आठ बाइट

आता वरची ओळ पुन्हा बघा. ६४, १. इंटेलच्या प्रोसेसरवर दोन बाइटांची संख्या लिहिताना लहान बाजू आधी येते, म्हणून हे वाचायचं ६४ अधिक १ गुणिले २५६, म्हणजे ३२०. पुढचे २००, ० म्हणजे २००. रुंदी आणि उंची मिळाली. त्यापुढे ०, २५०, ०, ०. चार बाइटांची संख्या धरली तर २५० गुणिले २५६, म्हणजे ६४,०००. उलगडल्यावर किती बाइट व्हायला हवेत, हे फाइल स्वतःच सांगते आहे.

हा अर्थ लावताना एकाच फाइलवर विसंबू नका. माझ्या फोल्डरमध्ये याच जातीच्या २३ फाइल्स होत्या. सगळ्यांचे पहिले आठ बाइट मी एकाखाली एक छापले. काहींत रुंदी आणि उंची लहान होती, आणि पाचव्या बाइटपासूनची संख्या दर वेळी त्या दोघांच्या गुणाकाराएवढी. २३ पैकी २२ फाइल्समध्ये हे जुळलं. तेविसावीकडे शेवटी येते.

हेडर, म्हणजे हा सुरुवातीचा भाग, आठ बाइटांचा आणि अख्खी फाइल १९,८४६ बाइटांची. म्हणजे चित्राच्या माहितीचे १९,८३८ बाइट उलगडून ६४,००० व्हायला हवेत. फाइल बरोबर ६४,००८ बाइटांची असती तर कॉम्प्रेशनच नाही असं समजून मी थेट चित्र करून बघितलं असतं. तुम्हीही हा हिशेब आधी करा. बिनदाबलेल्या फाइलवर आठवडा घालवणारी माणसं मला माहीत आहेत. शंका असेल तर गिम्प या चित्रांच्या प्रोग्राममध्ये फाइल कच्चा डेटा म्हणून उघडा आणि रुंदीचा आकडा हळूहळू बदला. रुंदी चुकलेली असेल तर चित्र तिरकं घसरलेलं दिसतं, बरोबर आकड्यावर आलं की उभ्या रेषा सरळ होतात.

रंगांचा तक्ता

बाइट १७ म्हणजे निळा, पण कुठला निळा? ते पॅलेट सांगतं. व्हीजीएमध्ये २५६ रंग, प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट, एकूण ७६८. आणि प्रत्येक बाइट ० ते ६३ च्या मध्येच, कारण व्हीजीएचा रंगांचा भाग प्रत्येक छटेसाठी सहाच बिट घेतो. ही खूण फार उपयोगी आहे. माझ्या गेममध्ये पॅलेटची फाइल वेगळीच होती आणि बरोबर ७६८ बाइटांची होती. नसेल तर गेमच्या सगळ्या फाइल्समधून असे सलग ७६८ बाइट शोधणारा छोटा प्रोग्राम लिहा, ज्यांत एकही आकडा ६३ च्या वर नाही. शून्यांचे लांबलचक पट्टेही या चाळणीतून निसटतात, म्हणून निदान तीस वेगवेगळे आकडे असावेत अशी अटही घाला.

मिळालेले आकडे तसेच वापरले तर चित्र फार काळोखं येतं. प्रत्येक आकड्याला चारने गुणा आणि त्याच आकड्याला सोळाने भागून येणारा पूर्णांक त्यात मिळवा. अशाने ६३ चा २५५ होतो. नुसतं चारने गुणलं तर पांढरा २५२ वर अडकतो आणि किंचित मळका दिसतो. माझा १७ क्रमांकाचा रंग होता २, ४, १८. त्याचे झाले ८, १६, ७३. रात्रीचा निळा.

माझा वाया गेलेला आठवडा

आता मूळ प्रश्न. ०, १५, १८, १५, ३६, १५, ५४, १५. एकाआड एक १५ बघून मी ठरवूनच टाकलं की या जोड्या आहेत, आधी रंग आणि मग तो किती वेळा. रंग शून्य पंधरा वेळा, रंग अठरा पंधरा वेळा. याला रन लेंग्थ पद्धत म्हणतात, आणि जुन्या गेममध्ये ती खरोखरच खूप सापडते. झेडसॉफ्टच्या पीसीएक्स फाइलमध्ये तिचंच एक रूप आहे. तिथे १९२ किंवा त्याहून मोठा बाइट आला की त्यातून १९२ वजा करायचे, उरलेली संख्या म्हणजे किती वेळा, आणि पुढचा बाइट म्हणजे रंग. मॅकिंटॉशच्या पॅकबिट्समध्ये ० ते १२७ म्हणजे ‘पुढचे इतके अधिक एक बाइट जसेच्या तसे घ्या’ आणि १२९ ते २५५ म्हणजे ‘२५७ मधून हा आकडा वजा करून येईल तितक्या वेळा पुढचा बाइट लिहा’. हे दोन्ही प्रकार ओळखायला आणि उलगडायला अर्धा तास पुरतो. आधी ते करून बघावेतच.

मी मात्र माझ्या जोड्यांना चिकटून बसले. चित्र पट्ट्यापट्ट्यांचं आलं, लांबी ६४,००० च्या जवळपासही आली नाही, तरी मी नियमाला ठिगळं लावत राहिले. खरं तर उत्तर हातात होतं. डंपमध्ये पहिले ३२० बाइट १७ आहेत आणि माझा नियम तिथे ०, १८, ३६ असे रंग देतोय. तिथेच थांबायला हवं होतं.

आणखी एक साधा हिशेब मला त्याच वेळी वाचवू शकला असता. चित्राच्या खालच्या निम्म्या भागात आभाळाचा रंग बदलत जातो, आणि कमी रंगांत ती छटा साधण्यासाठी चित्रकाराने १७, १८, १७, १८ असे बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके आळीपाळीने टाकले आहेत. अशा भागात सलग सारखे पिक्सेल नसतातच. निम्मं चित्र म्हणजे ३२,००० पिक्सेल. रंग आणि संख्या अशा जोड्यांनी लिहिलं तर एवढ्यालाच ६४,००० बाइट लागतील. फाइल मात्र जेमतेम वीस हजारांची आहे. म्हणजे ही पद्धत नुसते सारखे पिक्सेल नाही, तर पुन्हा येणारे नमुने ओळखणारी आहे. तुमच्या गेममधलं एखादं ठिपकेदार चित्र घ्या आणि त्याची फाइल किती लहान झाली आहे ते बघा. पद्धतीचं अर्धं घराणं तिथेच कळतं.

अठराचा पाढा

नमुने ओळखणाऱ्या पद्धतींचं मूळ लेंपेल आणि झिव यांच्या १९७७ च्या कामात आहे. कल्पना अशी की एखादा तुकडा आधी येऊन गेला असेल तर तो पुन्हा लिहायचा नाही. ‘मागे अमुक ठिकाणी बघ, तिथून इतके बाइट उचल’ एवढीच खूण करायची. १९८२ मध्ये स्टोरर आणि स्झिमान्स्की यांनी त्याचं एलझेडएसएस हे रूप मांडलं. त्यात प्रत्येक घटकाआधी एक बिट असतो, जो सांगतो की पुढे साधा बाइट आहे की मागची खूण. आणि १९८९ मध्ये हारुहिको ओकुमुरा यांनी त्याचा एक छोटासा, सुबक सी प्रोग्राम सगळ्यांना वापरायला खुला केला. तो गेमच्या जगात इतका पसरला की आजही जुनी फाइल उघडली की मी आधी त्याचेच ठसे शोधते.

मग ओळ वाचू या. हेडरनंतरचा पहिला बाइट १. तो फ्लॅग बाइट आहे, आठ घटकांचे आठ बिट. खालच्या बिटापासून वाचलं तर पहिला बिट १ आणि उरलेले सात ०. म्हणजे एक साधा बाइट आणि मग सात खुणा. साधा बाइट कुठला? १७. आभाळाचा निळा! इथे मी पेन्सिल खाली ठेवली आणि डंपमधली पहिली ओळ पुन्हा उघडून बघितली.

मग सात खुणा, प्रत्येकी दोन बाइटांच्या. (२३८, २५५), (०, १५), (१८, १५), (३६, १५), (५४, १५), (७२, १५), (९०, १५). बरोबर सात. त्यानंतरचा बाइट ०, म्हणजे नवा फ्लॅग, आठही खुणा. त्या १०८ पासून सुरू होतात आणि १२६, १४४ असं करत २३४ पर्यंत जातात. दर वेळी अठराची भर. प्रत्येक खूण अठरा पिक्सेल भरते आहे आणि पुढची खूण अठरा पावलं पुढे सरकते आहे.

पण १५ चं काय? आणि अठराचा पाढा २५५ च्या पलीकडे गेल्यावर काय होतं? इथेच सगळं उघड होतं. २३४ नंतर एक फ्लॅग बाइट येतो, मग (२५२, १५), आणि त्यापुढे (१४, ३१). २५२ अधिक १८ म्हणजे २७०. २७० वजा २५६ म्हणजे १४. पहिला बाइट पुन्हा शून्यापासून मोजू लागला आणि दुसरा बाइट १५ वरून ३१ झाला, म्हणजे १६ ने वाढला. याचा अर्थ दुसऱ्या बाइटाचा वरचा अर्धा भाग हा जागेचाच पुढचा भाग आहे आणि खालचा अर्धा भाग लांबी आहे. जागेला बारा बिट, लांबीला चार. दुसऱ्या बाइटाला सोळाने भागा. भागाकार गुणिले २५६ अधिक पहिला बाइट म्हणजे जागा. बाकी अधिक ३ म्हणजे लांबी. बाकी १५, त्यात ३ मिळवले की १८. तीन मिळवायचे, कारण एक किंवा दोन बाइटांसाठी दोन बाइटांची खूण खर्च करण्यात फायदा नाही. म्हणून लांबी तीनपासूनच मोजतात.

आता (२३८, २५५) करून बघा. २५५ ला सोळाने भागलं तर भागाकार १५, बाकी १५. जागा १५ गुणिले २५६ अधिक २३८, म्हणजे ४०७८. ओकुमुरांच्या प्रोग्राममध्ये ४०९६ बाइटांचा गोल बफर (नुकतेच लिहिलेले बाइट ठेवायची जागा, संपली की पुन्हा सुरुवातीपासून भरणारी) असतो आणि लिहायला सुरुवात होते ती ४०९६ वजा १८, म्हणजे ४०७८ या जागेवरून. अगदी तोच आकडा. पहिला १७ त्या जागेवर बसला, आणि पहिली खूण म्हणते, तिथूनच अठरा बाइट उचल.

तिथे तर एकच बाइट लिहिलेला आहे, मग अठरा कुठून येणार? इथे नवखी माणसं नेहमी अडतात. बाइट एकेक करून उचलायचे आणि उचलला की लगेच लिहायचा. ४०७८ वरचा १७ उचलून ४०७९ वर ठेवला. आता ४०७९ वरून उचलायला १७ तयार आहे, तो ४०८० वर जातो. लिहिणारा हात वाचणाऱ्या हाताच्या एकच पाऊल पुढे राहतो आणि एका बाइटाचे एकोणीस होतात. पायथनमध्ये बफरचा तुकडा एकदम कापून चिकटवला तर हे घडत नाही आणि चित्र बिघडतं. इथे लूपच लावा. ४०९५ नंतर बफर पुन्हा शून्यावर येतो, म्हणून दुसऱ्या खुणेची जागा ० आहे.

डीकोडर, आणि चंद्राची भोकं

एवढं कळल्यावर डीकोडर, म्हणजे उलगडणारा प्रोग्राम, वीस ओळींत होतो. बफर आणि लिहायची जागा तयार करा. फ्लॅग घ्या, खालून एकेक बिट बघा, १ असेल तर बाइट जसाच्या तसा लिहा, ० असेल तर दोन बाइट घेऊन जागा आणि लांबी काढा आणि एकेक बाइट उचला. लिहिलेला प्रत्येक बाइट चित्रातही जातो आणि बफरमध्येही जातो. हेडरमध्ये सांगितलेली लांबी भरली की थांबा. शेवटच्या फ्लॅगमधले काही बिट बिनकामाचे उरू शकतात, त्यांच्यामागे जाऊ नका.

पहिल्यांदा चित्र आलं तेव्हा मी खुर्चीतून उठले. आभाळ, बुरूज, दार, सगळं जागेवर. पण चंद्राच्या वरच्या कडेत काळी भोकं होती. नीट बघितल्यावर कळलं की भोकं फक्त वरच्या तेरा ओळींत आहेत, त्याखाली चंद्र स्वच्छ. ४०९६ भागिले ३२० म्हणजे १२.८. बफर एकदा पूर्ण भरेपर्यंतच गडबड होते आहे. म्हणजे दोष बफरच्या सुरुवातीच्या स्थितीत होता. मी बफर शून्यांनी भरला होता. ओकुमुरांचा प्रोग्राम मजकुरासाठी लिहिलेला, म्हणून तो बफर स्पेस या अक्षराने, म्हणजे ३२ ने भरतो. या चित्रात ३२ हा चंद्राच्या उजेडाचा रंग. दाबणाऱ्या प्रोग्रामला चंद्राचे ते पिक्सेल कोऱ्या बफरमध्येच आयते सापडले आणि त्याने तिकडे बोट दाखवलं. मी तिथे शून्य ठेवल्यामुळे काळं आलं. एक आकडा बदलला आणि चंद्र भरला. काही गेम शून्यानेच भरतात, तेव्हा दोन्ही करून बघा आणि पहिल्या तेरा ओळी बारकाईने तपासा.

मग डंपशी तुलना. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, बाइटला बाइट लावा. माझे १४६ बाइट वेगळे आले. त्यांच्या जागा छापल्या तर सगळे चित्राच्या मधोमध एका छोट्या चौकोनात. तो माउसचा बाण होता, गेमने चित्रावर नंतर काढलेला. बाण कोपऱ्यात सरकवून पुन्हा डंप घेतला, तर या जागेवर फरक शून्य.

हा पाढा दिसला नाही तर

सगळे गेम इतके सरळ नसतात. जागा आणि लांबी उलट क्रमाने असू शकते, फ्लॅगचे बिट वरून वाचले जाऊ शकतात, जागा बफरमधली नसून ‘इतकी पावलं मागे’ अशी असू शकते. हे सगळे पर्याय जोडून बघायला फार वेळ लागत नाही, कारण चूक की बरोबर हे डंप क्षणात सांगतो. मी प्रत्येक पर्यायाने पहिले ३२० बाइट काढते आणि ते सगळे १७ आहेत का एवढंच बघते.

त्याच गेममध्ये दाबलेली मजकुराची फाइल असेल तर चित्राआधी ती घ्या. एलझेडएसएसमध्ये मजकुराची सुरुवात अर्धवट वाचता येते. २५५, मग आठ अक्षरं, पुन्हा २५५, पुन्हा आठ अक्षरं. शब्दांच्या मध्ये दर नवव्या ठिकाणी कचरा दिसला की समजा पद्धत सापडली. चित्रांना बहुतेक वेळा तीच असते, कारण एकदा लिहिलेलं काम प्रोग्रामर पुन्हा लिहीत नाहीत.

काहीच वाचता येत नसेल आणि आकड्यांत कुठलीच लय दिसत नसेल, तर एलझेडडब्ल्यूची शंका घ्या. वेल्च यांनी १९८४ मध्ये मांडलेली ही पद्धत जीआयएफमध्ये आहे. तिचे संकेत बहुधा नऊ बिटांपासून सुरू होऊन बारापर्यंत वाढतात, म्हणून ते बाइटांच्या सीमेवर बसत नाहीत. अनेकदा पहिला संकेत २५६ असतो. बिट खालून भरलेले असतील तर पहिला बाइट ० आणि दुसरा विषम, वरून भरलेले असतील तर पहिला बाइट १२८. सुरुवातीलाच १२० दिसला तर झेडलिब ही दाबण्याची आणखी एक पद्धत करून बघा, पायथनमध्ये ते एका ओळीत होतं.

तरीही अडलात तर गेमचाच प्रोग्राम उघडावा लागतो. तिथे आधी एक सोपी गोष्ट करा. एक्सी फाइलमध्ये, म्हणजे गेमच्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये, २३८, १५ ही जोडी शोधा. ४०७८ ही संख्या तशीच लिहिली जाते. जवळपास २५५, १५ सापडलं, म्हणजे ४०९५, तर गोल बफर फिरवणारा कोड बहुतेक तिथेच आहे. जोडी मिळाली नाही तर एक्सी फाइल स्वतःच दाबलेली आहे का बघा. तिच्या सुरुवातीला ‘एलझेड९१’ किंवा ‘पीकेलाइट’ अशी इंग्रजी अक्षरं दिसली तर आधी ती सोडवून घ्या. सोडवणारे छोटे प्रोग्राम मिळतात.

मग डॉसबॉक्सचा डीबगर. डॉसकडून फाइल वाचून घेण्याची विनंती इंटरप्ट २१ मधून जाते, सेवा क्रमांक ३एफ (दोन्ही सोळाच्या पायावर). ‘बीपीइंट’ आज्ञेने त्यावर थांबा लावा. गेम थांबला की डीएस आणि डीएक्स या रजिस्टरांत (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागांत) तो पत्ता मिळतो, जिथे फाइलचे बाइट येऊन पडणार आहेत. तिथून पुढे त्या बाइटांना हात लावणारा लूप गाठायचा. सगळी असेंब्ली (प्रोसेसरच्या आज्ञांची भाषा) समजण्याची गरज नाही. बाइट कुठून वाचतो, बिट कुठे सरकवतो आणि कुठे लिहितो, एवढे तीन धागे धरा. लांब लूप असेल तर मी घिद्रा या प्रोग्राम उलगडून दाखवणाऱ्या साधनात तोच भाग उघडते आणि प्रत्येक रजिस्टरला मराठीत नाव देत जाते: ‘उरलेले बिट’, ‘जागा’, ‘लांबी’. तिसरं नाव देऊन होईपर्यंत कोड बोलू लागतो.

तेविसावी फाइल

जी एक फाइल हेडरच्या हिशेबात बसली नव्हती, तिच्यात रुंदी आणि उंची शून्य होती, फक्त उलगडल्यानंतरची लांबी दिलेली. त्याच डीकोडरने ती उलगडली, पण चित्र झालं नाही. आतल्या बाइटांची सुरुवात होती ९४, ०, मग दोन-दोन बाइटांच्या चढत जाणाऱ्या संख्या. चढत्या संख्या म्हणजे बहुधा पत्त्यांची यादी, आणि पहिला पत्ता जिथे नेतो तिथेच यादी संपलेली असणार. ९४ भागिले २ म्हणजे ४७. एका फाइलमध्ये ४७ छोटी चित्रं, म्हणजे स्प्राइट.

स्प्राइटमध्ये पारदर्शक भाग बराच असतो आणि गेमला ते भराभर काढायचे असतात, त्यामुळे त्यांची मांडणी काढण्याच्या सोयीने केलेली असते. डूममध्ये, १९९३ साली, चित्रं उभ्या स्तंभांत ठेवली होती. स्तंभातला प्रत्येक तुकडा किती खाली सुरू होतो आणि किती लांब आहे ते आधी लिहायचं, आणि २५५ आला की स्तंभ संपला. माझ्या गेममध्ये आडव्या ओळी होत्या. २४ रुंदीच्या एका स्प्राइटमधली ही ओळ घ्या: २, ५, ३, ४०, ४१, ४०, ६, २, ४४, ४४. दोन तुकडे आहेत. पाच पिक्सेल सोडा, तीन रंगवा: ४०, ४१, ४०. सहा सोडा, दोन रंगवा: ४४, ४४. झाले सोळा, उरलेले आठ पारदर्शक. इथे तपासणी सोपी आहे. कुठल्याही ओळीची बेरीज रुंदीपेक्षा जास्त होता कामा नये, आणि शेवटची ओळ संपते तिथेच यादीतला पुढचा पत्ता यायला हवा. माझ्या ४७ ही स्प्राइटमध्ये तो आला.

साठवताना चित्रं पॅलेटसकट पीएनजी करा, म्हणजे क्रमांकही टिकतात. पारदर्शकतेसाठी पॅलेटमधला असा क्रमांक राखून ठेवा, जो एकाही स्प्राइटमध्ये वापरलेला नाही. मी बाहेर देते ती फक्त फॉरमॅटची टिपणं आणि डीकोडर. चित्रं ज्यांची आहेत त्यांचीच राहतात.

त्या ४७ फ्रेम म्हणजे दारावरचा पहारेकरी. चालणारा, वळणारा, भाला रोखणारा, पडणारा. शेवटच्या तीन फ्रेम मला ओळखता येईनात. गेम पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळले, त्या कुठेच आल्या नाहीत. स्प्राइट काढणाऱ्या कोडमध्ये ज्या क्रमांकांची यादी होती, ती ४३ वर थांबत होती. शून्यापासून मोजलं तर ४४, ४५ आणि ४६ मागवणारं कुणीच नव्हतं. मी त्या तिन्ही आठपट मोठ्या करून दादाला पाठवल्या. त्याचा लगेच फोन आला. “अगं, त्याने भाला खाली ठेवलाय बघ. आणि तिसऱ्यात दार उघडतोय.”

पुन्हा बघितलं. तिसऱ्या फ्रेममध्ये, उजव्या कडेला, दोन पिक्सेल रुंदीची पिवळी फट आहे.